बक्षिसाचा मिक्सर

राजारामपुरीतल्या मिक्सर दुरुस्तीच्या रांगेत नुजहतच्या पुढे खोकं सांभाळत एक म्हातारा उभा होता. त्याच्या पुढचा तरुण मागे वळला.

“मामा, खोकं नवंकोरं दिसतंय?”

“मंडळीला लकी ड्रॉत लागलेला मिक्सर. लेकीच्या रुखवतात मांडायचा म्हणून तिनं उघडूच दिला न्हाय. परवा उघडला, तर बंदच.”

“बक्षिसाला गॅरंटी न्हाय म्हणाला असंल दुकानदार.”

“म्हणाला की. लेक म्हणाली, ‘खरेदीवरचं कूपन हुतं, ग्राहक मंचात जाते.’ मग नवा देतो म्हणाला.”

“मग घ्या की! हितं कशाला ताटकळताय?”

“मला ह्योच दुरुस्त करून पायजे.”

“मामीस्नी विचारा, त्या तुम्हाला येड्यात काढतील.”

“काढलं असतं, बाळा. पाडव्याला गेली ती. लेकीला आईकडनं द्यायला ह्यो एकच हाय.”