सशांचा संप

सांगवीत दातांच्या दवाखान्यात नंबरची वाट बघत बसलो होतो. शेजारी कंपनीतून निवृत्त झालेले दोघे बोलत होते.

"खंडूभाऊ, तुमची मिनल व्हिएतनामला इंग्रजीच शिकवते ना?"

"शिकवती की, हनीफभाई. पण शाळा सुटली की मालक तिला सशाचा पोशाख घालून चौकात जाहिराती वाटायला लावायचा."

"मास्तरणीला?"

"सगळ्याच परदेशी मास्तरांना. न्हाई म्हनलं की व्हिसा रद्द करायची धमकी. पोरगी फोनवर रडली."

"मग?"

"म्हनलं, एकटी भांडू नको. सगळे मिळून शाळा भरायच्या वेळेला गेटवर बसा."

"बसले?"

"बसले ना, सशाच्याच पोशाखात! घोषणा मी व्हिडिओ कॉलवरून दिल्या."

"कुठल्या भाषेत?"

"आपल्या कंपनीच्या गेटवरच्याच. मी 'दादागिरी' म्हनायचो, ते 'नहीं चलेगी' म्हनायचे."

"मालकाला कळलं?"

"पोरांना सोडायला आलेले आई-बाप हसायला लागले, तवा कळलं. तिथंच पोशाख बंद केला त्यानं."

"जिंकलात की राव!"

"जिंकलो. पण वर्गातली पोरं ऐकत होती. आता मिनलनं गृहपाठ दिला की अख्खा वर्ग बाकं बडवून 'नहीं चलेगी' म्हनतो. काल विचारत होती, बाबा, हा संप मोडायचा कसा?"

"काय सांगितलंत?"

"म्हनलं, पोरी, मागणी रास्त हाय त्यांची."