चंद्रभागेचा पास

—म्हणजे ट्रंक न्यायला आलायस तू, भागोजी. नाय बसायचं तर नको बसू, उभ्यानंच ऐक. सख्ख्या बहिणीच्या घरात परक्यासारखा उभा राहतोस, आणि पोरगी तिकडं स्टँडवर थांबलीय— आत्याचं तोंड बघायला नको तिला! कशापायी? तर एसटीनं कॉलेजच्या पोरांना सवलतीचा पास दिलाय. पोलादपूरकडची पोरं महाडातल्या खोल्या सोडून घरनं यायला लागली, बरोबर हाय, त्यांना भाडं जड जात होतं. पण तुझ्या चंद्रभागेकडनं मी भाडं घेत होते? वाडीतली पहिली पोर मॅट्रिक झाली तेव्हा मीच म्हटलं ना, रोजचं तिकीट तुला झेपायचं नाय, ठेव तिला माझ्याजवळ?

आणि आता काय करणार ती? पहाटे अंधारात वाडीवरनं उतरणार, पोलादपूरला पहिली गाडी धरणार, संध्याकाळी परत तोच डोंगर चढणार— भर पावसात, शेवाळावरनं! कॉलेज माझ्या दारातनं दिसतं, आणि हिला डोंगर बरा वाटतो. का रे? काम सांगितलं म्हणून? घरात राहायचं तर हात हलवायला नकोत? ह्यांच्या अंगावरनं वारं गेल्यापासनं कूस बदलता येत नाय, मला एकटीला उचलवत नाय. ती उठवायची, बसवायची, पेज भरवायची. ते सुद्धा तिच्याच हातनं खायचे. मी चमचा नेला की तोंड मिटून घेतात— आख्खा संसार केला ह्यांचा, आणि माझ्यापुढं तोंड मिटतात!

म्हणून अभ्यास झाला नाय म्हणते? जागून करायची की. एक पेपर बुडला, तेवढाच. त्या दिवशी मी बनुबाईकडं बारशाला गेले, म्हटलं पटकन येते, तर बायका सोडतात का लवकर? हिनं तरी जायचं होतं, कुणी बांधून ठेवलं होतं?— बाहेरनं कडी घातली होती, ती आपली सवय, कुत्री शिरतात घरात... असा बघू नको माझ्याकडं! तिनं सांगितलंच असेल तुला. नाय? पेपर अवघड गेला म्हणाली? कडीचं काहीच नाय बोलली?

बरं. नसेल बोलली. पण तिला पास मिळाला कसा, ते सांग आधी! मी स्वतः कॉलेजात जाऊन आले होते. त्या क्लार्कला सांगितलं, पोर माझ्या घरात राहते, वाडीवरनं येत नाय, तिचा पासाचा कागद पुढं धाडू नका. त्यानं मान हलवली होती... हो, केलं मी! लपवते कुठं? ती गेल्यावर ह्यांना उचलायचं कुणी, तू येणार हायस रोज? मग? कॉलेजच्या मोठ्या साहेबांपुढं ती एकटी उभी राहिली? काय सांगितलं माझ्याबद्दल?— "सोमवारपासनं मी वाडीवरनं येईन." बस, एवढंच? माझं नावसुद्धा घेतलं नाय?

मोठी शहाणी लागून गेली. बापावर गेलीय, तू असाच, तोंडातनं चकार शब्द काढायचा नाय आणि समोरच्याला जाळायचं. घे ती ट्रंक. पुस्तकं वरच्या फळीवर हायत, ती पण घे, मला नकोत डोळ्यांसमोर.

काय म्हणालास? रोज मधल्या सुट्टीत येणार? आतोबांना पेज भरवून जाणार? कुणी सांगितलंय तिला! मेहरबानी नकोय मला कुणाची. सांग तिला, ह्या घराची पायरी चढायची नाय. गावात चार बायकांत सांगत फिरायला मोकळी व्हायची, आत्याला सोडलं तरी आतोबांना सोडलं नाय म्हणून! नाय म्हणजे नाय.

...ऐकलंस? आतनं ह्यांचं सुरू झालं. सकाळपासनं पाण्याचा घोटसुद्धा घेतलेला नाय. आले, आले हो!— भागोजी. मधली सुट्टी कधी असते रे त्यांची?... नाय, राहू दे. तू जा. जा, गाडी सुटेल तुमची.