देवीत गेलेली कळशी

माझं माहेर महाडच्या खाली, सावित्रीच्या काठाला, आन दिलं मला पोलादपूरच्या वर डोंगरात, गुरंढोरं पाळणाऱ्यांच्या घरात. नदीकाठची पोर मी, इथं एक हंडा पाणी आणायला टेकडी उतरायची, पहिलं वरीस रडण्यातच गेलं. सासू खमकी, पण माणूस चांगली. तिच्या देव्हाऱ्यात पितळेची भवानी व्हती, वीतभर, आजेसासूपासूनची, नि सणासुदीला चिंच लावून घासून घासून तिचं तोंड पार सपाट झालं व्हतं, नाक नाय, डोळे नाय. सासू बोलली, तोंड झिजलेली देवी पुजू नये, महाडच्या ओताऱ्याकडं न्या नि नवी ओतून आणा.

आमच्यात रीत अशी, जुनी देवी वितळवायची नि घरातल्या परत्येकानं आपलं थोडं पितळ त्यात घालायचं, म्हंजे देवीत सगळं घर येतं. सासूनं मोडकी समई दिली, मी माहेरची वाटी दिली, आमच्या ह्यांनी बैलाच्या गळ्यातली घंटा सोडून दिली. माझी सोनी तवा पाच-सहा वर्षांची, ती तिची भातुकलीची कळशी घेऊन आली, आजानं जत्रेतून आणलेली. मी बोलली, राहू दे गो, तुझ्या वाटचं मी घातलंय. ती कसली ऐकते, तवा आमच्याकडं एस.टी. नव्हती, बापाच्या खांद्यावर बसून महाडला आली, आपल्या हातानं कळशी ओताऱ्याच्या पुढ्यात ठेवली नि त्याला विचारते कशी, आता देवी माझ्या कळशीनं पाणी पिल ना? ओतारी हसला, बोलला, पिल की.

देवी तयार व्हायच्या आधीच सोनी गेली. काय सांगू तुमाला. ताप आला, भर पाऊस, वहाळ फुगलेला, डोली पलीकडं न्यायची कशी, या काठालाच बसून राहिलो नि माझ्या मांडीवर गेली. रीतीपरमाणं तिचे परकर, बांगड्या, सगळं पाण्यात सोडलं, घरात तिचं म्हणून काय काय ठेवलं नाय. सुतकात देवी आणता येईना, ती बिचारी ओताऱ्याकडंच थांबली. सुतक फिटल्यावर गेलो, नि मी त्याला बोलली, दादा, माझ्या पोरीची कळशी तेवढी परत द्या हो. तो बोलला, बाय, ती देवीत गेली, आता हातात हाय का पायात हाय ते मला पण सांगता यायचं नाय.

नव्या देवीचं तोंड काय सोनीसारखं नाय, उगाच खोटं कशाला बोलू, देवीसारखी देवी. पण मी तिला चिंच नाय लावली कधी, नुसत्या हातानं चोळायची, देवी झिजली तर माझी पोर झिजल ना. काळी पडली पार. सासू ओरडायची, देवीला लेक करू नको, कोपल. मी बोलायची, कोपू दे, आता आणखी काय नेणार हाय.

सासू गेली. सोनीच्या पाठचा माझा ल्योक, त्याला मुंबईला कंपनीत काम लागलं, लग्न झालं, नि यंदा येऊन बोलतो, आये, देवी आता आमच्याकडं हवी, घराची देवी ल्योक नेतो, रीत हाय. मला रीत सांगतो! मी देव्हाऱ्यापुढं बसली ती उठंना, मी मेल्यावर न्या, बोलली. हे पण समजावून थकले. मग सून जवळ येऊन बसली, हळू बोलली, आत्याबाय, माझी दोन पोटातच गेली, घरात देवी असली तर... माझा हट्ट तितंच संपला.

सकाळी देवीला न्हाऊ घातलं, हळदकुंकू लावलं, हिरवा खण नेसवला, तांदूळ-नारळानं ओटी भरली. सून बघत राहिली, बोलली, आत्याबाय, हे तर नवरीला पाठवतात तसं. मी बोलली, तसंच गो. तिला चिंच लावू नको, आन पाणी तेवढं रोज ठेव पुढ्यात.

पोलादपुरापर्यंत गेली मी संगं. एस.टी. सुटली नि सासरी जाणाऱ्या लेकीची आई रडते तशी रडली, एवढं तरी माझ्या वाट्याला आलं. देव्हारा रिकामा हाय, दिवा लावते मी. सुखात ऱ्हा गो सोने, नि त्या पोरीचा पाळणा हलू दे.