डेक्लनची चौकशी

गाव आमचं हिंगणघाटकडचं. बाप मास्तर, आम्ही चौघी बहिणी, अन् बाबाचं एकच म्हणणं, पोरीयले टायपिंग आलं पाहिजे, म्हणून मराठी-हिंदी दोन्ही शिकवलं. मी सेंट्रल गव्हर्नमेंटची परीक्षा दिली, ऑर्डर आली नागपूरची, अन् ऑर्डर वाचून बाबाले काही समजेचना का हे ऑफिस करते काय. समजलं मलेही नाही. पहिल्याच दिवशी साहेबानं समोर बसवलं अन् म्हणे, कुसुमताई, इथं जे पाहाल ते इथंच ठेवायचं. तू मेनूथच्या कॉलेजातली पोरगी, माझं हे लिहून घेऊन राहिली ते ठीक आहे बाई, पण ऑफिसचं नाव नको टाकू. गुप्तवार्तावालं होतं एवढं लिही, बस.

काय सांगू तुले, मोहल्ल्यात मी पोस्टातली बाई होती. कोणी विचारलं का ताई ऑफिस कोणतं, तर म्हणायचं सेंट्रल गव्हर्नमेंट. ते म्हणत, पोस्ट का? मी म्हणे, तसंच समजा. लोकायले वाटते का अशा ऑफिसात सारे काळे चष्मे लावून फिरत असतीन. माझ्या टेबलावर काय येत होतं, तर रजेचे अर्ज, मेडिकलची बिलं, बदल्या. बाप्पा, माणूस हेर असला तरी त्याच्या पोरीची दहावी असतेच ना. तो कुठून कुठून फोन करे, मॅडम यंदा मले नका हलवू. कोणाची बायको बाळंतपणाले आलेली, कोणाची आई न्हाणीत पडलेली. तो माणूस कुठं अन् कायले गेला हे मले कोणी सांगत नसे, पण त्याले भात सोसत नाही हे मले माहीत असे.

अन् दुसरं काम म्हणजे चौकशी. नवा माणूस घ्यायचा तर आमचे लोक जात त्याच्या पानठेल्यावर, किराण्याच्या दुकानात, शेजारी, अन् विचारत का पोट्टा कसा आहे, पितो का, उठबस कोणात आहे. ते सारं माझ्याकडे येई. मी टिपणी लिहायची, खाली लिहायचं, हरकत नसावी, अन् फाइल वर. सही वरच्याची. अख्ख्या नोकरीत हो का नाही हे मी एकदाही ठरवलं नाही, अन् खरं सांगू का, ते बरंच वाटे मले.

घरच्या कोणी परदेशी माणसाशी लग्न जुळवलं तर तेही ऑफिसले कळवा लागे. मंग चौकशी, विचारपूस, अन् तुम्हाले बसवत बिनकामाच्या टेबलावर. आमच्याकडे एक गजभिये बाबू होते, लय हुशार माणूस, त्यायच्या पोरानं बाहेरची बायको केली, तर बाबू रिटायर होईपर्यंत पेन-पेन्सिली वाटत बसले. हे मी एकदा जेवता जेवता घरी बोलून गेली असंन. माझी मयुरी तेव्हा शाळेत होती, तिचे बाबा नुकतेच गेलेले, घर माझ्या पगारावर. पोट्टीनं ते मनात धरून ठेवलं, अन् मले पत्ता नाही.

मंग मयुरी मोठी झाली, इकडे आयर्लंडात गॉलवेले शिकायले आली, इथंच मेडिकलची यंत्रं करणाऱ्या कंपनीत लागली. मी रिटायर झाली अन् म्हटलं चला, राहून येऊ पोरीजवळ दोन-तीन महिने. मी पोचली अन् मार्चात कोरोनानं सारं बंद. विमान बंद, दुकान बंद, घरापासून दोन किलोमीटरच्या आत फिरायचं. आमचं सामान एक आयरिश पोट्टा आणून दारात ठेवे, डेक्लन नावाचा. मयुरी म्हणे, आई, ऑफिसातला आहे गं, मदत करून राहिला. मी म्हटलं, बरं.

आता ऐक. आमच्या मागच्या गेटची कडी अशी आहे का आधी वर उचला, मंग गुडघ्यानं ढकला, तेव्हा उघडते. मले ते शिकायले आठवडा लागला. एक दिवस खिडकीतून पाहते तर हा डेक्लन मोबाइलवर बोलत बोलत आला, पाह्यलंही नाही, कडी वर, गुडघा, गेट खुलं, कचऱ्याचा डबा बाहेर. म्हटलं, हा काही ऑफिसातला नाही. हा या घरातला आहे.

मयुरीले विचारलं, कधीपासून. आधी म्हणे, काय कधीपासून. मंग रडायलेच लागली. तीन वर्षांपासून. त्यानं दोनदा लग्नाचं विचारलं अन् दोनदा हिनं थांब म्हटलं. काहून थांब, तर म्हणे, तुझी नोकरी होती ना आई, तुले पेन वाटायले बसवलं असतं. अन् आता म्हणशील नको तर नाही करत.

लय राग आला मले. तिच्यावर नाही, कोणावर ते समजेचना. माझ्या नोकरीपायी पोट्टीनं तीन वर्षं जीव मुठीत धरून काढली, अन् मी तिकडे लोकायच्या रजेचे अर्ज पाहून राहिली होती.

पण सवय जात नाही. आलाच आहे तर पोट्ट्याची चौकशी करू म्हटलं. जन्मात मी स्वतः चौकशीले गेली नव्हती, माझ्याकडे लिहून येत होतं. अन् पानठेला कुठून आणू इथं? शेजारी पॅट म्हणून एक म्हातारे आहेत, भिंतीपलीकडे गुलाब छाटत होते. माझ्या मोडक्या इंग्लिशमध्ये विचारलं, डेक्लन गुड बॉय? ड्रिंकिंग? मदर-फादर कुठले? पॅट म्हणे, ही इज ग्रँड, म्हणजे पोरगा चांगला आहे. अन् मंग त्याच्या आज्यापासून सुरू केलं. मी खूश, म्हटलं आपलं काम पक्कं झालं.

नागपुरात पानठेलेवाला तोंड बंद ठेवे, कोण विचारून गेलं याची त्याले धास्ती राहे. इथं पॅटनं मी घरात पोचायच्या आत डेक्लनच्या मायले फोन लावला. दुसऱ्या दिवशी डेक्लन भिंतीशी उभा, हातात घरचा पाव, सोडा घालून करतात तो. म्हणे, मायनं पाठवला, अन् तिलेही तुम्हाले काही विचारायचं आहे. मयुरी मले म्हणे, आई, तू हे काय केलंस. दोन दिवस धड बोलली नाही. मले वाटलं, संपलं, माझ्याच हातानं मोडलं.

पाच किलोमीटरची मुभा झाली तशी त्याची माय आली, ब्रीडा. अंगणात लांब खुर्ची टाकून बसली. अन् काय विचारलं नाही त्या बाईनं. तुमचे लोक कोण, गाव कुठलं, नवरा कशानं गेला, पोरगी रागीट आहे का. जन्मभर लोकायच्या चौकशीच्या टिपण्या लिहिणारी मी, शाळेतल्या पोरीसारखी उत्तरं देऊन राहिली होती. मंग म्हणे, नोकरी काय केली. तोंडात तेच आलं, सेंट्रल गव्हर्नमेंट. पण म्हटलं, कुसुम, आता कोणापासून लपवून राहिली तू? मी सांगून टाकलं का गुप्तवार्ताचं ऑफिस होतं, तिथल्या लोकायच्या रजा अन् बदल्या पाहत होती. मयुरी माझ्याकडे पाहतच राहिली. ब्रीडाले त्याचं काहीच नवल नाही. म्हणे, अस्सं, अन् मंग आमच्या पोराचं काय ठरवलं?

तुले सांगते, ओठावर आलं होतं का फाइल वर पाठवते. खरंच आलं होतं. पण वर कोण होतं? साहेब नाही, मयुरीचे बाबा नाही, माझे मास्तर बाबा नाही. समोर डेक्लन उभा, हात मागे बांधून, अन् मयुरी खुर्चीच्या कडेवर. मी म्हटलं, हरकत नाही. मराठीतच म्हटलं. डेक्लन अर्थासाठी मयुरीकडे पाहे अन् ती तोंडाले दोन्ही हात लावून बसलेली. इतकं हलकं मले रिटायर झाली त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

लग्न पुढच्या वर्षी झालं, मोजक्या माणसायत. मी जरीचं नेसली, ब्रीडानं हॅट घातली, अन् पॅट गुलाब घेऊन आले, म्हणे ही जोडी मी जुळवली. म्हणू दे त्यायले. आता नागपूरच्या शेजारणीले फोनवर सांगून टाकते का जावई गोरा आहे अन् पोस्टात मी कधीच नव्हती.

तू काहून हसून राहिली गं? तिकडे मेनूथले तुझंही काही आहे का? नको सांगू, मी काही चौकशी करत नाही आता. पण असंन तर आईले आजच फोन कर, तिच्या रिटायरमेंटची वाट नको पाहू. सुखी राहा.