सत्तरपैकी सत्तर

चांदीच्या दुकानातल्या रांगेत माझ्यापुढे एक नवराबायको होते. नवऱ्याच्या हातात सीलबंद प्लास्टिकच्या डबीतलं नाणं होतं आणि तो सारखा पाय बदलत होता.

“घाम पुसा आधी. नाणं विकायला आलोय, किडनी नाही.”

“अगं, याला सत्तरपैकी सत्तर मार्क मिळालेत. तज्ज्ञांनी भिंगाखाली तपासलंय.”

“एवढं हुशार आहे तर त्यालाच शिवायला बसवा. माझ्या शिलाई मशीनचे पैसे घालून आणलंत ना?”

“अजून पाच वर्षं थांबलो असतो तर…”

“तोवर माझी गिऱ्हाइकं काय उघडी बसणार होती?”

त्यांचा नंबर लागला. दुकानदाराने डबी उलटसुलट करून पाहिली.

“वजन करायला डबी फोडावी लागेल.”

“फोडली की ते सत्तरचं राहत नाही हो.”

“मग काय राहतं?”

“चांदी.”

“आम्ही तीच घेतो.”

“फोडा हो दादा,” बायको म्हणाली.

“थांब ना. अजून एका दुकानात विचारू.”

“हे चौथं आहे.”

“बरं, फोडा. पण जपून. रिकामी डबी मला परत हवी.”

“रिकामी कशाला?”

“मार्क तिच्यावर आहेत.”