उद्या गुरुवार आहे

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे सचिव माननीय यशवंतराव साहेब, प्राचार्य महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, माझे सहकारी प्राध्यापक, कार्यालयातील मंडळी, मैदान राखणारे रोहिदासभाऊ, सुट्टी टाकून आलेले पालक आणि शेवटच्या रांगेत किट घालूनच बसलेल्या माझ्या मुलींनो,

सत्काराला उत्तर म्हणून दोन शब्द बोलावेत, असं मला सांगण्यात आलं. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. अध्यक्ष साहेब माझ्याबद्दल भरभरून बोलले. महिला फुटबॉलच्या रोपट्याचा मी वटवृक्ष केला, असं ते म्हणाले. साहेब, मी आभारी आहे. त्या वटवृक्षाकडे आपण थोड्या वेळाने परत येऊ.

मी मूळची कोल्हापूरची. चोवीस वर्षांपूर्वी इथे, कासारवाडीत, क्रीडाशिक्षिका म्हणून रुजू झाले आणि पहिल्याच आठवड्यात मुलींचा फुटबॉल संघ काढायची परवानगी मागितली. तेव्हाचे प्राचार्य सज्जन गृहस्थ होते. म्हणाले, "विजयश्रीताई, आधी मुली तर आणा." मी वर्गावर्गांत फिरून चौदा नावं गोळा केली आणि फळ्यावर लिहिलं, दर गुरुवारी चार वाजता सराव. गुरुवार का? तर त्या दिवशी मुलांचे क्रिकेटचे संघ बाहेर खेळायला जायचे आणि मैदान मोकळं असायचं. मला वाटलं, किती हुशार आहे मी.

पहिल्या गुरुवारी चार वाजता मैदानावर मी, दोन चेंडू आणि रोहिदासभाऊ. दुसऱ्या गुरुवारीही तेच. शेवटी रोहिदासभाऊंनाच माझी दया आली. म्हणाले, "बाई, गुरुवारी कंपन्यांना सुट्टी अस्ती. समद्यांचे बाप घरी असत्यात. पोरी यायच्या कशा?"

सभागृहात हसू आलं, ते बरोबरच आहे. पिंपरीपासून चाकणपर्यंत शेंबड्या पोराला ठाऊक असलेली गोष्ट मला ठाऊक नव्हती. माझ्या लेखी गुरुवार म्हणजे दत्ताचा वार, तेवढंच. मग मी काय केलं? क्रिकेटवाल्यांकडून मैदानाचा एक कोपरा मागून घेतला आणि सराव बुधवारी ठेवला. बुधवारी चार वाजता बाप कंपनीत असतात. चौदाच्या चौदा मुली आल्या. पंजाबी ड्रेसच्या आत हाफ पँट, दप्तरात मोजे, आणि घरी विचारलंच तर जादा तास. वर्षभर ही लपवाछपवी चालली. मीच चालवली. मला त्यात शौर्यही वाटत होतं, हे आज कबूल करते.

त्या वर्षाच्या शेवटी आमची गोलकीपर करिष्मा पडली आणि तिचा हात मोडला. करिष्मा कुरुळीची. तिचे वडील बिरूकाका एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात वेल्डर होते. ते कॉलेजात आले, अर्थातच गुरुवारी. मी ओरडा खायची तयारी ठेवली होती. फुटबॉल मुलींनाही कसा चांगला, याचं भाषण पाठ केलं होतं. त्यांनी ते काढूच दिलं नाही. उभ्या उभ्या म्हणाले, "बाई, हात मोडला त्याचं मला काय न्हाई. हात जुळतोय. पर मी कामावर असलो का पोरगी पळती आन मी घरी असलो का पुस्तक धरती, ह्ये तिला कुणी शिकवलं? मला इचारलं असतं तर मी न्हाई म्हणलो असतो, व्हय. पर तोंडावर म्हणलो असतो. तुमी तेवढी बी संधी दिली न्हाई."

मला लाज वाटली, आणि ती चांगली खोलवर वाटली. मी एवढंच म्हणाले, "काका, पुढच्या गुरुवारी या. समोर बसून बघा. नाही पटलं तर पोरीला घेऊन जा, मी अडवणार नाही."

त्याच दिवशी फळ्यावरचा बुधवार पुसला आणि पुन्हा गुरुवार लिहिला. मुली माझ्यावर चिडल्या. चार मुलींना घरून बंदी आली, त्यातल्या दोघी पुन्हा कधीच खेळू शकल्या नाहीत. त्यांची नावं मी घेत नाही, पण विसरलेले नाही. बाकीच्या दहा जणी बापांच्या डोळ्यांदेखत मैदानात उतरल्या.

बिरूकाका आले. सोबत आणखी दोघे. कुंपणाच्या भिंतीवर बसले, तासभर सराव बघितला. तेव्हा आमच्याकडे गोलपोस्ट नव्हते, दोन्ही बाजूंना विटांचे ढीग लावायचो. सराव संपल्यावर काकांनी एकच प्रश्न विचारला. "इटांच्या वरून चेंडू ग्येला का मधनं ग्येला, ह्ये ठरवतं कोण?" म्हटलं, "भांडून ठरवतात." त्यांनी मान हलवली आणि गेले. मला वाटलं, झालं, करिष्मा गेली.

पुढच्या गुरुवारी कॉलेजच्या फाटकात टेम्पो उभा. त्यात कारखान्यातून रीतसर गेटपास काढून आणलेले पाइप, वेल्डिंगचं मशीन, आणि सुट्टीच्या दिवशी घरी झोपायचं सोडून आलेले पाच बाप. आठ फूट उंची, चोवीस फूट रुंदी. काकांनी मला माप तीनदा विचारलं आणि स्वतः चार वेळा मोजलं. रोहिदासभाऊंनी खड्डे घेतले. संध्याकाळी दोन्ही गोलपोस्ट उभे राहिले आणि हात गळ्यात बांधलेल्या करिष्माने लाथेने पहिला गोल मारला. गोलमध्ये अडवायला कुणी नव्हतं, पण तिच्या वडिलांनी टाळ्या वाजवल्या.

तेवीस वर्षांत त्या गोलपोस्टांना फक्त रंग लागला आहे. जोड एकही सुटलेला नाही. विद्यापीठाच्या संघात आमच्या एकोणीस मुली गेल्या, सहा वेळा आम्ही विभागात पहिले आलो. त्या ढाली प्राचार्यांच्या दालनात आहेत, पाहुण्यांना आवर्जून दाखवल्या जातात.

आता वटवृक्षाकडे येते. मे महिन्याच्या सुट्टीत, कॉलेजात कुणी नसताना, मला दोन पाकिटं एकाच दिवशी मिळाली. एकात या समारंभाचं निमंत्रण होतं. दुसऱ्यात कळवलं होतं की माझ्या निवृत्तीनंतर हे पद भरलं जाणार नाही, 'अल्प प्रतिसादामुळे' महिला फुटबॉल स्थगित होईल, आणि मैदान वाहनतळासाठी वापरलं जाईल. या सभागृहातल्या किती जणांना हे माहीत होतं? मुलींना नव्हतं. पालकांना नव्हतं. अल्प प्रतिसाद म्हणजे किती? शेवटच्या रांगेत मोजून घ्या, तेवीस जणी आहेत. त्यांची कर्णधार वर्षाराणी थेरगावहून दोन बस बदलून येते आणि मी उशिरा आले तर मलाच रागावते.

शिकवायला माणूस नाही म्हणावं, तर तेही नाही. तीच करिष्मा आज चाकणला एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. प्रशिक्षकाची परीक्षा ती उत्तीर्ण झाली आहे आणि गेली चार वर्षं आपल्या सुट्टीच्या दिवशी माझ्यासोबत इथे शिकवते. तिने या पदासाठी अर्ज केला. त्याची पोचसुद्धा मिळाली नाही.

अध्यक्ष महाराज, आपण माझ्याकडे असं पाहू नका. निरोपाच्या दिवशी बाई गोड बोलतील, शाल सावरतील आणि घरी जातील, असं आपल्याला वाटलं असेल. मी आपल्याला दोष देत नाही. लपवून काम उरकलं की सोपं जातं, हे मला अनुभवाने माहीत आहे. मीही वर्षभर तेच केलं होतं. पण मला एका वेल्डरने समोर उभं राहून विचारलं आणि त्या दिवसापासून मी ते सोडलं. म्हणून आज मीही समोर उभी राहून सांगते. ही टीम बंद करायला माझी संमती नाही. माझी संमती लागत नाही, हेही मला माहीत आहे. तरी नाही.

शाल मी घेते, प्रेमाने दिली आहे. क्रीडा विभागाची चावी आज पाचपर्यंत कार्यालयात जमा करायची होती, ती दुपारीच केली, पोच घेतली. शिट्टी माझी स्वतःची आहे. करिष्मा, वर ये, ही घे.

संस्थेने मला चोवीस वर्षं काम करू दिलं, त्याबद्दल मनापासून आभार. सहकाऱ्यांचे, रोहिदासभाऊंचे, ज्या मुली खेळल्या त्यांचे आणि ज्यांना खेळता आलं नाही त्यांचेही आभार. बोलण्यात अधिकउणं झालं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला.

आणि साहेब, ते गोलपोस्ट काढायचेच असतील, तर ज्यांनी उभे केले त्यांना विचारून काढा. बिरूकाका तिसऱ्या रांगेत बसले आहेत. बाकीच्यांना शोधत फिरायला नको. उद्या गुरुवार आहे. चार वाजता सराव आहे. सगळे घरी असतात, म्हणजे मैदानावरच असतात.