शांततेचा बंदोबस्त

...आन् वर चर्चमधली माणसं मलाच म्हणत्यात, "वडील, तुमी लय चिडता!" न चिडून करू काय? आवं, देवाचं घर हाय का एसटी स्टँड? तुम्हाला सांगतो, ह्या दारामागं माझी एस्तेर टेबलावर हाय, काळजाची झडप बदलत्यात, मला हितं गप बसवत न्हाई म्हणून तुमचं डोकं खातोय... तुमचाबी पेशंट आतच हाय न्हवं? मग ऐका.

मी आमच्या आष्ट्याच्या मंडळीचा वडील. वडील म्हंजे चर्चचा पंच हो! मागं उभं राहणाऱ्यांना पुढं बोलवून बाकावर बसवायचं, गप करायचं, प्रभूभोजनाच्या, म्हंजे येशूच्या आठवणीत वाटत्यात त्या भाकरीवर माशी बसू द्यायची न्हाई, ही माझी ड्यूटी. तर काल रविवारी ह्याच दवाखान्यात खाटेवरनं एस्तेर म्हणली, "माझं तोंड काय बघत बसलायसा? उपासनेला जावा. माझ्यासाठी एक प्रार्थना करा, पण मनापास्नं. आजवर चर्चमधी तुमी डोळं मिटलेलं मी बघितलं न्हाई." आता हे खोटं न्हाई! मी डोळं मिटलं तर बंदोबस्त कुणी बघायचा?

गेलो. म्हणलं, आज कुणाला बोलायचं न्हाई, कोपरा धरायचा. डोळं मिटलं, "हे प्रभू..." तवर मागच्या बाकावरचा नानासो, फोन कानाला, "व्हय रं, चर्चमधीच हाय... प्रार्थना चाललीया, आवाज येत न्हाई, मोठ्यानं बोल!" उठलो, त्याला भाईर घातला. देवाचं घर हाय का एसटी स्टँड? परत बसलो, "हे प्रभू, माझी एस्तेर..." तर बायकांच्या बाजूनं, ऐन गीताच्या मधी, "अगं, मटण आणलंस का कोंबडी?" "मटणच, पर कुकरची रिंग गेलीया!" बघतो तर पुढची बाकं मोकळी आन् सगळी मंडळी मागं दाटीवाटीनं, जसं काय भाकरी मागनंच वाटणार! आन् ती गाणारी प्रियदर्शनी, प्रभूभोजनाच्या प्याल्याला मोबाईल टेकवून उभी! "अंकल, बाजूला सरका ना, लाइव्ह चाललंय!" अगं पोरी, देवाचं घर हाय का...!

रडकुंडीला आलो बघा. ह्या गलक्यात देवाला माझं ऐकू जायचं कसं? सरळ पाळकसाहेबांपुढं, आमच्या पाद्रीबाबांपुढं गेलो, हात जोडलं, "साहेब, एकच मिनिट द्या. सगळे गप. उद्या माझी बायको टेबलावर जाणार हाय... मला भ्या वाटतंय हो."

साहेब मऊ माणूस. त्यांनी हात वर केला, "मंडळी, एस्तेरबाईंसाठी उभं राहू या. प्रार्थना वडीलच चालवतील." आन् काय सांगू... सगळी उभी राहिली! फोन बंद, पदर डोक्यावर, नानासोसुदिक मान खाली घालून. नुसता पंख्याचा आवाज. माझ्या अंगावर काटा आला. इतक्या वर्सांत पहिल्यांदा देवाचं घर देवाच्या घरावाणी!

डोळं मिटलं. तोंड उघडलं... आन् शब्दच न्हाईत! डोळ्यापुढं नुसती एस्तेर. मंडळी वाट बघतीया, साहेब वाट बघत्यात, आन् तोंडाला सवय ती एकच... त्या शांततेत खणखणीत भाईर पडलं, "पुढं या, पुढं या! मागं उभं राहू नका, जागा हाय!"

सगळी मंडळी एका सुरात, "आमेन!"

झालं! साहेबांनी पुढचं गीत सांगितलं. जन्मात एकदा देवाशी बोलायला गेलो, तर त्यालाबी बाक दाखवून आलो! सकाळी आत नेताना एस्तेरनं विचारलं, "केली का प्रार्थना?" म्हणलं, "केली." "काय म्हणालासा?" काय सांगू? म्हणलं, "या म्हणून सांगितलंय."

हसली ती... दार उघडलं का? न्हाई, वाराच हाय. आता देव आला असंल तर तिच्यापाशी असंल. न्हाईतर त्योबी शेवटी आमच्याच मंडळीचा, कितीबी बोलवा, मागच्याच बाकावर बसायचा!